बाजारातल्या संडासाची चावी

अन्याय झाला तो हौसाबाईंवर. हौसाबाई म्हणजे आमच्या आठवडे बाजारात मेथी, कोथिंबीर आणि शेपू घेऊन बसणारी बाई, भीमेकाठच्या मळ्यातून टेंपोच्या फळीवर बसून यायची. आणि अन्याय झाला तो गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, उन्हं वर आल्यावर, जेव्हा ती नेहमीसारखी आमच्या घराच्या मागच्या बोळाकडे आली आणि तिथं दाराच्या जागी भिंत होती. भिंत ओली होती. गवंड्याने वर गोणपाट टाकून पाणी मारलं होतं. ती भिंत माझ्या वडिलांनी घातली, आणि माझे वडील त्या वॉर्डाचे नगरसेवक होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी आमच्या घरातल्या चांगल्या गोष्टीही लिहिणार आहे, आणि त्या वाचताना कुणी हे विसरायचं कारण नाही.

आमचं गाव शिरूरहून दौंडला जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला. नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील आणि बाकीच्यांना त्यांचंच गाव वाटेल, तेही बरंच आहे. ग्रामपंचायत होती तेव्हा अण्णा सदस्य होते, नगरपंचायत झाली तेव्हा नगरसेवक झाले. मी वडिलांना अण्णा म्हणायचे कारण सगळेच त्यांना अण्णा म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, दुसऱ्या पोरींना बाप असतो तसे आमच्याकडे अण्णा आहेत. घर बाजारतळाला लागून. पुढच्या खोलीत लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला हारांचे डाग, आणि सकाळी डोळा उघडायच्या आत माणसं. कुणाच्या दाराशी गटार तुंबलंय, कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या पोराला रांजणगावच्या कंपनीत लावायचंय. अण्णांचा फोन, त्याच्यावर दुसरा फोन, चहाच्या कपांचा आवाज, आणि मग बुलेट सुरू झाल्याचा आवाज. बुलेटचा आवाज कोपऱ्यावर वळला की घर एकदम रिकामं व्हायचं. मी एकुलती एक. दप्तर भरताना मला त्या रिकामेपणाचा राग यायचा, पण राग कुणावर काढायचा हे कळत नव्हतं, कारण अण्णा काही वाईट काम करायला गेलेले नसत. बहुतेकदा ते कुणाच्या तरी दहाव्याला गेलेले असत.

हे आमच्याकडचं राजकारण. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. माणूस गेला की दहाव्या दिवशी सकाळी नदीच्या घाटावर मंडप पडतो, स्पीकर लागतो, महाराजांचं प्रवचन होतं, आणि मग एकेक पुढारी उठून माईकवर श्रद्धांजली वाहतो. जो नगरसेवक दहाव्याला येत नाही तो पुढच्या वेळी निवडून येत नाही. अण्णा एका सकाळी दोन-दोन घाट करायचे. त्यांचं भाषण मला पाठ होतं. ‘कष्टाळू, मनमिळाऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात.’ मेलेला माणूस आयुष्यभर भावकीशी भांडत कोर्टात का बसलेला असेना, अण्णांच्या माईकवर तो मनमिळाऊ व्हायचा. माझ्या शाळेच्या गॅदरिंगला अण्णा कधी आले नाहीत. मी आईला एकदा म्हणाले, मी मेल्यावर तरी येतील का. आईने पाठीत धपाटा घातला आणि मग बराच वेळ भाकरी थापत राहिली, जेवणाऱ्या माणसांना लागतील त्यापेक्षा जास्त.

घराला मागचं दार होतं आणि ते आईचं होतं. मागच्या बोळात आमचा संडास, शेजारी पाण्याचा ड्रम, बाहेर एक दगडी पायरी. गुरुवारी ते दार सकाळपासून उघडं असायचं. बाजारात बसणाऱ्या बायका एकेक करून यायच्या. कुणी काही मागायचं नाही. ‘वहिनी, जरा जाऊन येती,’ एवढंच. आई मान हलवायची आणि हातातलं काम चालू ठेवायची. मला ताकीद होती : बोळात उभं राहायचं नाही, कोण आलं-गेलं ते बघायचं नाही. जाताना पायरीवर काहीतरी ठेवलेलं असायचं. कोथिंबिरीची जुडी, चार मिरच्या, शेपू. त्यामुळे शुक्रवारी आमच्याकडे शेपू ठरलेला, मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी. आजही दौंडच्या माझ्या खोलीत, जिथं मी एका माणसाचं जेवण करते आणि तेही पुष्कळदा टाकून देते, शेपूचा वास आला की गुरुवार संपलाय असं वाटतं.

हौसाबाई त्या सगळ्यांत बोलकी. मी तिला मावशी म्हणायचे. पायरीवर बसून पाय चोळायची आणि आईशी बोलायची. बाजाराच्या दिवशी ती घरून निघाल्यापासून पाण्याचा थेंब घ्यायची नाही. आमच्याकडे जाऊन आली की मग तांब्याभर गटागटा प्यायची.

‘वहिनी,’ ती म्हणायची, ‘नगरसेवक पुढं बसत्यात आन् नगरपंचायत मागं चालतीय बघा.’

‘हळू बोला, पुढं माणसं हायेत.’

‘असू द्या की. त्यास्नी नुसता चा मिळतो. आमची सोय त्यांच्यापरीस चांगली हाय.’

आणि मग मोठ्याने, पुढं ऐकू जाईल असं : ‘अण्णांना म्हणावं, आमच्या बाजारात बी एक बांधा. तुमच्या घराला किती दिवस तरास द्यायचा?’ पुढच्या खोलीत कुणीतरी हसायचं. अण्णाही हसायचे. हे तिने वर्षानुवर्षं म्हटलं आणि ते वर्षानुवर्षं हसले.

भिंत आली ती अण्णा नगरपंचायतीच्या एका समितीचे सभापती झाल्यावर. सभापतीला कार्यालय हवं. पुढची खोली पुरेना, म्हणून घर मागं वाढवलं, बोळ आत घेतला, संडास बेडरूमला जोडून टाईल्सचा केला. मी तेव्हा बारावीला होते. काम ठरलं त्या दिवशी जेवताना आई म्हणाली, ‘आन् गुरुवारचं काय?’

‘गुरुवारचं काय?’ अण्णांनी विचारलं.

ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. हौसाबाईचं ओरडणं ते ऐकत होते, पण त्यांना ती थट्टा वाटायची. त्या घरात राहून, त्या वॉर्डातून निवडून येऊन, आपल्या मागच्या दारातून बाजारातल्या निम्म्या बायका येतात-जातात याचा त्यांना पत्ता नव्हता, कारण गुरुवारी ते कधी मागं गेलेच नव्हते. आई उठली. तिने ताटं उचलली आणि पाठ करून मोरीकडे गेली. आज मी सभांमधून बायकांना ‘बोला, बोला’ म्हणून सांगते तेव्हा मला आईची ती पाठ दिसते. बोलणं म्हणजे काय असतं ते मला सांगू नका.

गुरुवारी हौसाबाई आली. मी खिडकीतून पाहिलं. तिने भिंतीला हात लावला, हाताला लागलेलं सिमेंट लुगड्याला पुसलं आणि खिडकीकडे बघून म्हणाली, ‘बरं केलं गं बाई, चोराचिलटाचं भ्या गेलं.’ आई पुढच्या दाराने तिला बोलवायला धावली, पण पुढं माणसं बसलेली. पुढच्या खोलीतून, एवढ्या माणसांच्या पायांवरून, संडासला जायचं? हौसाबाई हसली आणि गेली. त्यानंतर बायका एसटी स्टँडच्या मागं वेड्या बाभळीत जाऊ लागल्या, तेही बाजार भरायच्या आधी. नंतर दिवसभर नाहीच. पायरीवर काही ठेवलेलं नसायचं, कारण पायरीच नव्हती.

मी कॉलेजला दौंडला आले. स्टेशनजवळ खोली घेतली. रेल्वेची अनाउन्समेंट ऐकत झोपायचं आणि ऐकत उठायचं. सगळं जग कुठं ना कुठं निघालंय आणि मला कुणी कुठं बोलावलेलं नाही, असं वाटायचं. तिथंच एका संघटनेत शिरले. त्यांनी मला पत्रक लिहायला शिकवलं : पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला ते, मग कुणी केला ते, मग मागणी. विशेषणं गाळायची. मला ते फार आवडलं. घरी जे कुणी बोलत नव्हतं ते बोलायची एक रीत मिळाली.

हौसाबाई मी दुसऱ्या वर्षाला असताना गेली. बरेच दिवस लघवीचं दुखणं होतं, शिरूरच्या दवाखान्यात ने-आण चालू होती असं आईने फोनवर सांगितलं. कशाने गेली हे मी म्हणणार नाही. डॉक्टरांचा कागद मी पाहिलेला नाही, आणि जे माहीत नाही ते पत्रकात घालायचं नाही. मी दहाव्याला गेले. तिचा मुलगा कारेगावात खोली घेऊन राहायचा, रात्रपाळी करून तसाच आला होता, गळ्यात कंपनीचं आयकार्ड, नव्याने काढलेलं टक्कल. अण्णांनी श्रद्धांजली वाहिली. ‘कष्टाळू, मनमिळाऊ.’ मग पिंड ठेवले आणि सगळे मागं सरकले.

कावळा शिवेना. समोरच्या लिंबावर दोन बसलेले, पण खाली येईनात. मुलाने हात जोडून सांगितलं, आई, ताईला दिवाळीला आणीन. नाही. मळ्यातली विहीर भावाला देतो. नाही. ऊन चढत चाललं, महाराज घड्याळ बघायला लागले, पुढारी मंडळींना पुढचा दहावा होता. कुणीतरी म्हणालं, दर्भाचा कावळा करून लावा आन् मोकळं व्हा. तेव्हा बायकांच्या बाजूने शेवंतामावशी उठली. ती बाजारात हौसाबाईच्या शेजारी बसायची.

‘तिचं घरात काय अडकलं न्हाई,’ ती म्हणाली. ‘तिला बाजारात बसाय जागा व्हती. जायाला न्हवती. ते तिनं पोराला कशाला सांगावं? ज्याला सांगायचं त्याला सांगून सांगून दमली.’

कुणी अण्णांकडे बोट केलं नाही. गरज नव्हती. अण्णांच्या हातात अजून माईक होता. ते पुढं झाले, चपला काढल्या, पिंडासमोर उभे राहिले. मी त्यांना माईकवर अडखळताना पहिल्यांदा पाहिलं. ‘हौसाबाई, बाजारात बायकांसाठी संडास बांधून देतो. माझा शब्द हाय.’ स्पीकर नदीपल्याडच्या मळ्यांपर्यंत जात होता. ते मागं सरकले आणि कावळा खाली आला.

माणसं मागं सरकली म्हणून आला असेल. मी कावळ्यावर विश्वास ठेवत नाही. पण दिलेल्या शब्दावर ठेवते, आणि त्या सकाळी मला माझा बाप फार आवडला, हेही लिहिलं पाहिजे.

अण्णांनी शब्द पाळला. सभेत विरोधकांनी ‘कावळ्याचा ठराव’ म्हणून टेबलं बडवली. ‘अण्णा, उद्या चिमणीनं काय मागितलं तर?’ अण्णा म्हणाले, ‘तुमच्या दहाव्याला बघू काय मागताय ते.’ ठराव झाला. खरी अडचण घरातून, म्हणजे पुढच्या खोलीतून आली. जागा निघाली ती व्यापारी गाळ्यांच्या मागं, आणि गाळेवाले सगळे अण्णांचेच. त्यांचा म्होरक्या बाळूशेठ, हार्डवेअरवाला, लाल खुर्चीत बसून म्हणाला, ‘अण्णा, बांधा, आमची ना न्हाई. पण घाण व्हणार. दारुडी घुसणार. सांभाळायचं कुणी?’

‘मग काय म्हणणं हाय?’

‘कुलूप लावू. चावी माझ्या दुकानात. जिला लागंल तिनं मागून न्यावी, परत आणून द्यावी. स्वच्छ ऱ्हाईल.’

सगळ्यांना पटलं. अण्णांनाही पटलं. त्या खोलीत बसलेल्या एकालाही त्यात काही खटकलं नाही. चहा झाला. संडास बांधला, फीत कापली, दारावर नावांची पाटी बसवली, बाळूशेठने पेढे वाटले. मी दौंडला होते. आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तर अण्णा म्हणाले, ‘बांधून दिलं, पर बायका वापरत न्हाईत. सवय न्हाई त्यास्नी. सभेत पुन्हा माझंच हसं.’ गुरुवारी मी बाजारात गेले. संडास कोरा करकरीत, कुलूपबंद. बाळूशेठच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, बाकावर चारजण पेपर वाचत बसलेले. मी चावी मागितली.

‘कसली चावी?’ बाळूशेठ म्हणाला. वाईट माणूस नाही तो. नटबोल्ट मोजता मोजता बोलत होता.

‘संडासाची.’

बाकावरच्यांनी पेपर खाली केले.

‘कुनाला जायचंय?’

‘मला.’

‘अगं, घर तर तुझं हितंच हाय की.’ मग चावी देत : ‘लवकर आण बरं का. आन् पाणी भरपूर टाक.’ बाकावरचा एकजण दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि दोघंही पेपरात तोंड घालून हसले. मी चावी घेऊन त्या उन्हात गाळ्याला वळसा घालून गेले. हातात चावी, सगळ्या बाजाराला दिसतेय मी कुठं निघाले ते. परत देताना बाळूशेठने आपलं घड्याळाकडे बघितलं.

शेवंतामावशीला विचारलं. ती म्हणाली, ‘सासऱ्याच्या वयाच्या माणसाकडं काय म्हणून मागू? त्यापरीस बाभळी बऱ्या. बाभळी इचारत न्हाईत.’

मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, ‘चावी न दिल्याचं एक तरी उदाहरण दाव.’ मी म्हणाले, मागितल्याचं तुम्ही दाखवा. ते उठून गेले. बुलेटचा आवाज. मग मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. ‘हौसाबाईंना दिलेल्या शब्दाला कुलूप. चावी कुणाकडे आहे? जबाबदार कोण?’ आणि खाली अण्णांचं पूर्ण नाव, पदासकट. दौंडहून छापून आणलं आणि पुढच्या गुरुवारी बाजारात वाटलं. माफी मागायला मी हे लिहीत नाहीये. आजही तेच लिहीन.

पत्रकाच्या तळाशी मागणी होती, की अकरा वाजता सर्व भगिनींनी गाळ्यांसमोर जमावं. जमलं कुणीच नाही. बायका येतील कशा, माल उघड्यावर टाकून? गिऱ्हाईक असताना उठायचं नसतं, एवढंही मला कळलं नव्हतं. मी एकटी उभी, हातात उरलेली पत्रकं. शेवंतामावशीने माझ्या पत्रकात कढीपत्ता गुंडाळून गिऱ्हाइकाला दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘कागद चांगला हाय गं.’ संध्याकाळपर्यंत पुढची खोली रिकामी झाली. गाळेवाले आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. लाल खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात ठेवल्या. आयुष्यभर मला हवं होतं तसं घर शांत झालं, अण्णा दिवसभर घरात, आणि आम्ही तिघं एका शब्दाने बोलत नव्हतो. अण्णा जेवताना भिंतीकडे बघायचे. चार दिवसांनी त्यांनी ताटाकडे बघत विचारलं, ‘तू चावी मागितलीस तवा ते बाकावरचं कोण कोण हसलं?’ मी नावं सांगितली. ते दोघंही त्यांच्या पंगतीतले होते.

पुढच्या गुरुवारी अण्णा सकाळीच बाळूशेठकडे गेले, चावी घेतली, कुलूप काढून खिशात टाकलं. एक लाल खुर्ची नेऊन संडासाच्या दाराशी टाकली आणि स्वतः राखणीला बसले, पांढरे कपडे, टोपी, मांडीवर हात. कुणी कुलूप लावायला येऊ दे, बघतो, असा चेहरा. मी लांबून बघत होते. दुपार झाली तरी एकही बाई तिकडे फिरकली नाही. नगरसेवक दाराशी बसलाय म्हटल्यावर जाणार कोण? त्यांना ते कळेना. इकडे बायकांना कळत होतं, मला कळत होतं, आणि सांगायला जायची माझी हिंमत होत नव्हती, कारण ते इतके एकटे दिसत होते आणि ते एकटेपण मी छापून आणलं होतं.

आई गेली. बाजारातून, सगळ्यांच्या देखत, डोक्यावरचा पदर सावरत. त्यांच्यासमोर उभी राहिली.

‘उठा,’ ती म्हणाली.

‘मी राखण करतोय.’

‘तुमच्यापास्नंच राखण करावी लागतीय बायांना. उठा आन् घरी जावा.’

ते उठले. आई खुर्चीत बसली, पिशवीतून लसूण काढला आणि सोलायला लागली. थोड्या वेळाने शेवंतामावशी आली. ‘वहिनी, जरा जाऊन येती.’ आईने मान हलवली आणि लसूण सोलत राहिली. मग दुसरी आली. मग रांग लागली.

त्यानंतर दर गुरुवारी आई बसायची. अण्णांना पुढच्या वेळी तिकीट मिळालं नाही. गाळेवाल्यांनी दुसरा धरला. आता ते कुणाच्या दहाव्याला गेले तरी त्यांना माईक देत नाहीत, मागं बसवतात. आईचे गुडघे गेले, बसणं सुटलं, आणि सुटलं त्याच महिन्यात नव्या मंडळींनी कुलूप परत लावलं, स्वच्छतेसाठी. मी अर्ज करते, पत्रकं काढते, दौंडहून जमेल त्या गुरुवारी जाऊन बसते. जमतंच असं नाही. मी नसते त्या गुरुवारी बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. हे मी लिहितेय तेव्हाही पीत नसतील.

म्हणून हे वाचून झाल्यावर मला ‘छान लिहिलंय’ असं कळवू नका. तुमच्या गावचा बाजार ज्या वारी भरतो त्या वारी तिथं जा. बायकांचा संडास कुठाय ते बघा, आणि कुलूप असेल तर चावी कुणाकडे आहे ते विचारा. तुम्ही पुरुष असाल तर चावी घ्या, कुलूप काढून नगरपंचायतीच्या टेबलावर नेऊन टाका आणि तिथून घरी जा, दाराशी थांबू नका. बाई असाल तर एक खुर्ची घ्या आणि बाजार उठेपर्यंत बसा.